साडेतेरा वर्षांच्या फुटबॉलपटूला जिम लावू का? ताकदीचं ध्येय नेमकं काय ठेवायचं?

अजनीची_आई

नमस्कार. मुलगा आठवीत आहे, साडेतेरा पूर्ण. चौदा वर्षांखालच्या संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळतो. मागे कामठीला मॅच होती. समोरचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, याच्यापेक्षा वीतभर उंच, मिशी फुटलेला. प्रत्येक बॉलला खांदा लावून याला बाजूला करून राहिला होता. पोरगा घरी आला तो धड जेवला नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर म्हणे, आई, मला जिम लाव.

आमच्या चौकात नवीन जिम उघडली आहे. तिथल्या ट्रेनरनं सांगितलं, तीन महिन्यांत बॉडी दिसेल, सोबत प्रोटीनचा डबा घ्यावा लागेल. सासूबाई म्हणतात, वजन उचललं की उंची थांबते, पोराला हात लावू देऊ नको. ह्यांचं म्हणणं, जोर-बैठका काढ, आम्ही काढल्याच ना. तिघांचं तीन दिशांना. क्लबचे कोच मनापासून शिकवतात, पण मैदानावर एवढी पोरं असतात की एकेकाकडे बघायला त्यांना वेळ कुठला.

या वयात ताकदीचा व्यायाम करावा का? करायचा तर ध्येय काय ठेवायचं? किलो मोजायचे की दंडाचं माप घ्यायचं? तीन महिन्यांनी फायदा झाला हे मला, म्हणजे खेळातलं काही न कळणाऱ्या आईला, कसं ओळखता येईल?

आणखी एक. प्रॅक्टिसनंतर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणतो. तिथे हात लावला तर थोडं टेंगूळ लागतं.

जरीपटका_१०

काकू, मी आता एकोणीसचा आहे, कॉलेजच्या टीमकडून खेळतो. माझ्यासोबतच्या काही पोट्ट्यांनी दहावीत जिम लावली आणि नुसती छाती आणि दंड केले. टी-शर्ट घट्ट झाले, पण विंगर कट मारून आत शिरला की हेच वळताना मागे राहायचे. मला स्वतःला फरक जाणवला तो एका पायावरच्या बैठका आणि मांडीच्या मागच्या बाजूचा व्यायाम सुरू केल्यावर. धक्का बसला तरी पाय जागेवर राहायला लागला. बाकी मोठे लोक सांगतीलच.

कामठी_रोड_पीटी

ताई, सविस्तर लिहितो, कारण शाळा उघडली की हा प्रश्न कोणी ना कोणी पालक विचारतातच. मी शाळेत पीटी शिकवतो आणि संध्याकाळी बारा ते सोळा वयाच्या पोरापोरींचा फुटबॉल घेतो.

आधी सासूबाईंचं. त्यांची काळजी खरी आहे, पण व्यायामानं उंची खुंटते याला आधार नाही. लांब हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, तो वाढ पूर्ण होईपर्यंत नाजूक असतो हे बरोबर. त्याला इजा होते ती कोणी लक्ष देत नसताना न झेपणारं वजन उचलल्यानं, पद्धत चुकल्यानं किंवा वजन अंगावर पडल्यानं. समोर शिकवणारा उभा असेल आणि वजन बेताचं असेल तर या वयात ताकदीचा व्यायाम सुरक्षित आहे, असंच बालरोगतज्ज्ञांचं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. आणि हेही सांगा त्यांना, की हेडर मारून, म्हणजे उडी घेऊन डोक्यानं बॉल मारून, खाली उतरताना नातवाच्या पायावर त्याच्या वजनाच्या काही पट भार येतो. तो भार रोज मैदानावर येऊनच राहिला आहे. तो पेलायची तयारी आपण करून द्यायची, एवढंच.

आता त्या मिशीवाल्या विंगरचं. तुमच्या मुलाला हे नीट समजावून सांगा, कारण पोरं इथे मनातून खचतात. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, पण कोणाची बाराव्यालाच, कोणाची सोळाव्याला. त्यामुळे जन्मदाखल्यावर दोघंही तेरा वर्षांचे असले तरी शरीरानं एक पंधरा-सोळाचा आणि एक बाराचा असू शकतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्यांमध्ये म्हणूनच कधी कधी वय बाजूला ठेवून वाढीच्या टप्प्यावरून गट पाडून मुलांना खेळवतात. आपल्याकडे ती सोय नाही. पण तीन महिन्यांची जिम हे तीन-चार वर्षांचं अंतर भरून काढणार नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं. नाहीतर पोरगा घाम गाळेल आणि पुन्हा त्याच विंगरसमोर आपटला की सगळं सोडून देईल.

शिवाय वयात येण्याआधी आणि येताना जी ताकद वाढते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावतात म्हणून वाढते. स्नायू फुगतात ते पुढे, शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढल्यावर. म्हणून दंडाचं माप घेऊ नका. तीन महिने टेप लावून बसाल, आकडा हलणार नाही, आणि आतून पोरगा बराच तयार झालेला असेल. किलोचंही तेच. किलोचं ध्येय दिलं की पोरं दोन रेप (व्यायामाच्या आवृत्त्या) पाठ वाकवून काढतात आणि आकडा सांगतात. मी या वयाला किलोचं ध्येय देतच नाही, आणि एकदाच जास्तीत जास्त वजन उचलून बघायचं, असलं काही तर करूच देत नाही.

मग ध्येय काय? मी सगळ्यात आधी उतरणं बघतो. शाळेच्या व्हरांड्याची पायरी असते ना, साधारण फूटभर उंचीची, तिच्यावरून पोराला दोन्ही पायांवर खाली उतरायला लावतो. उडी मारायची नाही, नुसतं पाऊल पुढे टाकून उतरायचं आणि जागेवर थांबायचं. मी समोर उकिडवा बसतो आणि फक्त गुडघे बघतो. दहातल्या निम्म्या पोरांचे गुडघे उतरताक्षणी आत येतात, एकमेकांना चिकटायला निघाल्यासारखे. काहींचे पाय फरशीवर फट्ट करून आपटतात, टाचा आधी टेकतात, गुडघे ताठच. मी पोरांना सांगतो, मला तुझा आवाज आला नाही पाहिजे. पंजा आधी, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, ढुंगण किंचित मागे. हे दोन्ही पायांवर जमलं की एका पायावर. एका पायावर उतरून तीन सेकंद न डगमगता थांबता आलं, तर तो पोरगा माझ्या हिशेबात ताकदवान. फुटबॉल एका पायाचा खेळ आहे. किक मारताना, वळताना, खांदा लागताना, तुम्ही एकाच पायावर असता.

खांद्याला खांदा लागतो तेव्हा कोण हटतं हेही बरंचसं इथेच ठरतं. ताठ उभा राहून धक्का घेणारा पोरगा उडतो. अर्धा पाऊल आधी बसका होऊन, जमिनीवरचा पाय पक्का करून, पोट आवळून जो धक्का घेतो तो लहान असला तरी टिकतो. तुमच्या मुलाला त्या विंगरसमोर हे जास्त उपयोगी पडेल.

तर बारा आठवड्यांसाठी मी तुमच्या मुलाला काय लिहून दिलं असतं ते सांगतो. एका पायावर ३० सेकंद स्थिर उभं राहणं, बॉल हातात खेळवत. बाकावरून एका पायावर उठून बसणं, दोन्ही बाजूंनी ८ वेळा, गुडघा आत न येता. प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून राहणं, आणि कुशीवरचा प्लँक ३० सेकंद, कंबर न पडता. पूर्ण दंड (पुश-अप) १०, छाती खालपर्यंत, ढुंगण वर न काढता. गुडघ्यांवर उभं राहून, मागून कोणी टाचा धरून, सावकाश पुढे झुकणं. याला नॉर्डिक म्हणतात, ते सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, कारण दुसऱ्या दिवशी मांडी मागून चांगलीच बोलते. बारला ३० सेकंद लोंबकळणं. आणि ते पायरीवरून उतरणं. हे सगळं तुम्हाला बघता येतं, त्यासाठी फुटबॉल कळायची गरज नाही. एक वही करा, तारीख टाका, "नीट किती झाले" एवढंच लिहा. वाकडातिकडा झालेला रेप मोजायचा नाही.

याला आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये किमान एक दिवस सोडून; वर सांगितलेल्या तीन दिवसांतलं बाकीचं फुटबॉलच्या पळण्या-उड्यांत होतं. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं, अंग गरम झाल्यावर आणि बॉलच्या प्रॅक्टिसच्या आधी. दमल्यावर पद्धत बिघडते. सुरुवातीला प्रत्येक प्रकाराचे एक-दोन सेट. मॅचच्या आदल्या दिवशी नाही. त्याच्या बाबांच्या जोर-बैठका चांगल्याच आहेत, बैठकीनं मांडी तयार होते आणि जोरानं खांदे, पाठ मोकळी राहते. फक्त शंभराचा हट्ट नको, आणि गुडघा दुखतो तोवर खोल बैठका बंद.

तुमच्या कोचना एक सुचवता आलं तर सुचवा. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. पळणं, मग ताकद-तोल-उड्यांचे सहा प्रकार, मग पुन्हा पळणं, सगळं मिळून वीसेक मिनिटं, साहित्य जवळपास काहीच नाही. पन्नास पोरं रांगेत उभी करून एकदम घेता येतो. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर याचा मोठा अभ्यास झाला, २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात दुखापती जवळपास एक तृतीयांशानं कमी दिसल्या. मात्र आठवड्यातून किमान दोनदा, सातत्यानं. मॅचच्या दिवशी फक्त पळण्याचे भाग करतात, मधला ताकदीचा गाळतात.

आता माझ्या मनातलं सगळ्यात महत्त्वाचं. दर महिन्याला उंची मोजा. भिंतीला टेकवून, अनवाणी, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीची खूण. जोरात वाढणारा मुलगा वर्षाला ९-१० सेंटीमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला पाऊण सेंटीमीटरच्या आसपास. तसं दिसायला लागलं की समजा, झेप सुरू झाली. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि स्नायूबंध मागून येतात. या काळात काल सफाईनं ड्रिबल करणारा पोरगा आज स्वतःच्या पायात अडखळतो, स्प्रिंट मंदावते, टाच दुखते, गुडघा दुखतो. बरेच पालक तेव्हाच म्हणतात, आळशी झाला, अजून एक क्लास लावा. कृपा करून तसं करू नका. त्या महिन्यांत ताकदीचा व्यायाम चालू ठेवायचा, पण उड्या आणि स्प्रिंट कमी, तोल आणि पद्धत जास्त. मी अशा पोरांना नाव न घेता वेगळ्या रांगेत घेतो. कोणत्याही ध्येयाच्या वहीत हा उंचीचा रकाना नसेल तर ती वही अर्धी आहे, असं मी मानतो.

डब्याबद्दल थोडक्यात. आयसीएमआर-एनआयएनच्या, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. दोन अंड्यांतून १२-१३ ग्रॅम, मोठा पेला दूध ७-८, मूठभर शेंगदाणे ७-८, दोन वेळचं वरण-उसळ आणि पोळ्या धरल्या की झालं. अंडी चालत नसतील तर सोयाबीन वडीची भाजी, ३० ग्रॅम सुकी वडी म्हणजे १५ ग्रॅम प्रोटीन. डब्याचे पैसे वाचवून चांगले स्टड (खुंट्यांचे फुटबॉलचे बूट) घ्या. आणि झोप, या वयात ८ ते १० तास. सकाळी सहाची शिकवणी, रात्री अकरापर्यंत मोबाईल, आणि वर ताकद वाढव म्हणायचं, हे जमत नाही.

नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सगळं सकाळी साडेसातच्या आत उरका आणि घोट घोट पाणी चालू ठेवा. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात आणि पावसात तीच माती स्टडला किलोभर चिकटते. एका पायावर उतरायचा सराव आधी सपाट, कोरड्या जागी, घरच्या सतरंजीवर घसरत नसेल तर तिथेही चालेल. भेगाळलेल्या मैदानावर उड्या नको, घोटा जातो.

गुडघ्याचं मी बोलत नाही, ते जाणकारांनी सांगावं.

धंतोली_फिजिओ

सरांनी व्यायामाचं नीट लिहिलं आहे, मी गुडघ्यापुरतं लिहिते. बघितल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही सांगताय ते वय, ती जागा आणि ते टेंगूळ बघता ऑसगुड-श्लॅटर हा त्रास पहिल्यांदा मनात येतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचा पट्टा वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला चिकटतो. वाढत्या वयात तो उंचवटा अजून पक्का झालेला नसतो. धावणं, किक, उड्या यांनी पट्टा तिथे सारखा ओढ देतो आणि ती जागा सुजते. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं जातं, टेंगूळ मात्र काहींना कायम राहतं, त्याचा त्रास नसतो.

खेळ पूर्ण बंद करावा लागतोच असं नाही. दुखणं सौम्य असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर खेळू द्या, पण लांब शॉटचा सराव, उड्या आणि स्प्रिंट कमी करा. खेळून आल्यावर टॉवेलात गुंडाळून बर्फ १०-१५ मिनिटं. गुडघे टेकून बसणं टाळा, म्हणजे सरांचं ते नॉर्डिक सध्या थांबवा. त्याऐवजी पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, एका-एका पायानं. भिंतीला पाठ लावून अर्धं बसून थांबणं, जेवढ्यावर दुखत नाही तेवढंच खाली.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नका: रात्री दुखण्यानं जाग येणं, सगळा गुडघा सुजणं, ताप, लंगडणं, किंवा उडी मारताना एकदम कळ येऊन पाय टेकता न येणं. आणि जांघेत किंवा मांडीत दुखत असेल तर खुब्याची तपासणी अस्थिरोगतज्ज्ञांकडून करून घ्याच. या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि सगळे गुडघाच तपासत बसतात.

गोधनीचे_बाबा

सर, माझी मुलगी चौदाची आहे, मुलांसोबतच प्रॅक्टिस करते. तिला हेच ध्येय चालेल का? नातेवाईक म्हणतात, मुलीला कशाला दंड मारायला लावता.

कामठी_रोड_पीटी

दादा, हेच चालेल, आणि तिला तर जास्त गरज आहे. मुलींची झेप मुलांच्या दोनेक वर्षं आधी येते, म्हणजे तिची बहुतेक होऊन गेली असेल. त्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि पुष्कळदा कोणी धक्काही दिलेला नसतो. उतरताना किंवा वळताना गुडघा आत येतो आणि जातो. म्हणून तिचं पायरीवरून उतरणं तुम्ही स्वतः बघा, मोबाईलवर समोरून व्हिडिओ काढा, तिलाच दाखवा. पोरी स्वतःचं बघून फार लवकर सुधारतात असा माझा अनुभव आहे.

दुसरं, लोह. याच वयात मुलाला दिवसाला २२ मिलिग्रॅम सांगितलं आहे, मुलीला ३०. सारखी दमत असेल, धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. पाळी लांबत किंवा बंद होत असेल तर खाणं कमी पडतंय का ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा, "खेळामुळे होतं" म्हणून सोडू नका. नातेवाईकांना म्हणावं, मैदानावर या आणि तिला खेळताना बघा.

अजनीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी इमारतीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उतरवून बघितलं. उजवा बरा, पण डावा गुडघा प्रत्येक वेळी आत येतो. पोराला व्हिडिओ दाखवला तर स्वतःच गप्प झाला आणि परत परत करून बघू लागला. गुडघ्यासाठी शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सासूबाईंना ती भाराची गोष्ट पटली, आता त्याच वही घेऊन बसतात.

त्याचा एकच प्रश्न: डंबेल कधी? आणि डाव्या गुडघ्यासाठी वेगळं काही?

कामठी_रोड_पीटी

डाव्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वर-खाली, टाच किंचित मागे, १०-१२ वेळा. खुब्याच्या बाजूचा स्नायू गुडघ्याला आत येऊ देत नाही, तो तयार करायचा. कुशीवरचा प्लँक डाव्या बाजूनं एक जास्त. आणि एका पायाचं सगळं डाव्यानं सुरू करायचं, ताजा असताना.

डंबेलचं असं की डॉक्टरांनी गुडघ्याला हरकत नाही म्हटलं, आणि सलग दोन आठवडे वहीतले सगळे रेप नीट झाले, की भार द्यायचा. आधी दप्तरात दोन-तीन पुस्तकं टाकून ते छातीशी कवटाळून बैठक, दुखत नाही तेवढीच खाली. ते सहज झालं की एखादं पुस्तक वाढवायचं, एका वेळी थोडंच. जिममधली मोकळी दांडीच बहुतेक ठिकाणी २० किलोची असते, त्यामुळे तिला आत्ता हात लावायची घाई नको. घरात झाडूचा दांडा घ्या, खांद्यावर ठेवून पाठ सरळ राखत वाकायला शिकू द्या. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी जिमला गेला तर ही पद्धत अंगात असेल.

आणि आजींना सांगा, उंची दर महिन्याला एकाच वेळी मोजा, सकाळी उठल्यावर. दिवसभरात माणूस साधारण एक सेंटीमीटरनं कमी भरतो, आणि आपल्याला पाऊण सेंटीमीटर पकडायचं आहे.